तांबीची तालीम

६ जानेवारी १९४६, राहुरी

दवाखान्यातली ही वही दोन वर्षं कोरी पडून होती. डॉक्टरसाहेबांना विचारून घरी आणली. सव्वीस वर्षं गुरांच्या औषधांच्या नोंदी लिहून हात मराठीला सरावला आहे, म्हणून मराठीतच लिहितो.

माझा मुलगा लालमहंमद घरी येऊन आज तीन आठवडे झाले. डेहराडूनला आंधळ्या शिपायांची शाळा आहे, तिथे तो खाटेची नवार विणायला शिकला, बोटांनी वाचायला शिकला. पण आमच्या ओट्यावरून अंगणात उतरणं त्याला जमत नाही. म्हणतो, शाळेतल्या पायऱ्या एका मापाच्या होत्या, इथली प्रत्येक पायरी निराळी. सकाळी त्याची बायको मलिका हात धरून त्याला परसात नेते, परत आणते, खाटेवर बसवते. मग तो दिवसभर तिथेच. वय तेवीस.

आज परसातून येताना त्याचा पाय घागरीला लागला. घागर फुटली. मलिका लगेच म्हणाली, "माझंच चुकलं. मी वाटेत ठिवली हुती." घागर वाटेत नव्हती, भिंतीशी होती. मी पाहत होतो.  लालमहंमद जेवला नाही.

त्याला भरतीला मीच नेलं होतं. फौजेत मोटार चालवायला शिकवतात, जन्माचा हुन्नर हाती येईल, हे माझे शब्द. लग्न करून गेला तर परत यायची ओढ राहील, असं त्याची आई बद्रुन्निसा म्हणाली, म्हणून घाईने निकाह लावला. बारा दिवस घरी राहिला आणि गेला. इटलीत त्याची मोटार सुरुंगावरून गेली.

८ जानेवारी

बैलाचा खूर धूत होतो, तेवढ्यात आठवलं. लढाईच्या दिवसांत माझी नेमणूक भिंगारच्या छावणीत खेचरांच्या दवाखान्यात होती. तिथल्या एका गोऱ्या सार्जंटाने मला वर्तमानपत्रातलं चित्र दाखवलं होतं. त्यांच्या मुलखातला आंधळा माणूस, शेजारी कुत्रा, कुत्र्याच्या पाठीवर पट्टा आणि पट्ट्याला ताठ मूठ. ती मूठ धरून माणूस भर रस्त्यातून चालला होता. मी हसलो होतो. आमच्याकडे आंधळ्याला माणसं असतात, असं म्हणालो होतो.

सार्जंट मायदेशी गेला. पत्ता माझ्याकडे नाही. पुस्तक कुठे मिळेल ठाऊक नाही. पण जन्म जनावरांत गेला आहे. खेचराला तोफेच्या आवाजाशी उभं राहायला शिकवताना मी पाहिलं आहे. कुत्र्याला का शिकवता येणार नाही?

दुपारभर विचार करून हे ठरवलं. कुत्रं मादी हवं, दीड-दोन वर्षांचं. पहिला महिना नुसता पट्टा आणि सोबत चालणं. मग उंबरा, पायरी, पाण्याच्या चारीचा काठ आला की थांबणं. मग वळणं. मग बाजाराची गर्दी, गाड्या, दुसरी कुत्री. सगळ्यात शेवटी, आणि हे कसं करायचं ते अजून सुचत नाही: पुढे धोका असेल आणि मालक "चल" म्हणाला तर कुत्र्याने ऐकायचं नाही. सार्जंट म्हणाला होता की खरी तालीम तीच. हुकूम पाळायला शिकवणं माझ्या ओळखीचं आहे. मोडायला शिकवणं कोणाला येतं?

१९ जानेवारी

कारभारी धनगराची मेंढरं मुळा नदीपलीकडे बसली आहेत. मागे त्याच्या मेंढरांच्या खुरांचा रोग मी बरा केला होता. कुत्री मागितली तर तो दांडगा काळा कुत्रा पुढे करू लागला. मी म्हटलं, जरा बसू दे, पाहू दे. तासभर बसलो. बाकीची कुत्री मेंढरांवर धावत होती. एक तांबूस, बारीक कुत्री मात्र मेंढरं आणि नदीची दरड यांच्या मधे गप्प उभी होती. कोकरू काठाकडे सरकलं की ती आडवी व्हायची, बस्स.

"ती व्हय?" कारभारी म्हणाला. "लई थंड हाय. लांडगा आला तरी भुकायची न्हाई, नुसती आडवी हुभी ऱ्हाती. न्या खुशाल. पर तुमास्नी कशाला पायजे?"

मी सांगितलं. त्याने चिलीम झटकून खाली ठेवली. मग म्हणाला, "आंधळं मेंढरू आमी कळपात ठिवत न्हाई, खाजाभाई. खाटकाला देतो. मानसाचं निराळं."

मनात काही नव्हतं त्याच्या. तरी परत येताना ते वाक्य सोबत आलं.

२० जानेवारी

घरात गोंधळ. बद्रुन्निसा म्हणते, ज्या घरात कुत्रं त्या घरात फरिश्ते येत नाहीत. काझीसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "राखणीला, मेंढरांना, शिकारीला कुत्रं ठेवायला मुभा आहे. डोळ्यांच्या जागी ठेवणार असाल तर ती राखणच झाली. घराबाहेर ठेवा, भांडं वेगळं ठेवा." तेव्हा कुठे ती गप्प झाली. कुत्रीचं नाव तांबी ठेवलं; तिची जागा गोठ्यात.

लालमहंमदला तिच्याजवळ नेलं. त्याने हात पुढे केला, तिने हुंगला. तो म्हणाला, "अब्बा, काठी घेऊन फिरलो तर लोक आंधळा म्हनत्याल. कुत्रं घेऊन फिरलो तर भिकारी म्हनत्याल." आणि आत गेला. म्हणजे मलिकाने नेला.

मलिका मात्र तांबीपाशी उभी राहिली. मला म्हणाली, "अब्बा, हिला काय काय शिकवायचं ते मला सांगाल?" मी म्हटलं, तुझं काम नव्हे ते, तू भाकरीचे तुकडे तेवढे देत जा. तरी तिने विचारलं म्हणून वहीतलं वाचून दाखवलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. शेवटचं, हुकूम मोडायचं, तिने दोनदा वाचायला लावलं.

११ फेब्रुवारी

जोडे शिवणाऱ्या आसारामने पट्टा शिवून दिला. चामडं जुन्या खोगिराचं. मुठीसाठी बादलीची कडी वाकवून बसवली आणि तिच्यावर चामडं गुंडाळलं. छातीला घासू नये म्हणून आतून लोकरीचा मऊ नमदा लावला. आसारामने तांबीचं माप तीन वेळा घेतलं. म्हणाला, "मानसाच्या पायाचं माप चुकलं तर त्यो वरडतो. हिनं कुनाला सांगायचं?"

२४ फेब्रुवारी

प्रगती नाही. पट्टा घातला की तांबी बसून राहते. चालली तर मध्येच मेंढराचा वास आल्यासारखी वळते. मी स्वतः डोळे मिटून तिच्यासोबत चालायचं ठरवलं, त्याखेरीज ती बरोबर नेते की नाही हे कळणार नाही. पण वीस पावलांवर डोळे आपोआप उघडतात. कितीदा प्रयत्न केला. मन घट्ट करून मिटले तरी चारीजवळ येताच उघडले. मला लाज वाटली. बावन्न वर्षांचा माणूस शंभर पावलं अंधारात चालू शकत नाही.

दवाखान्याचं काम सकाळपासून दुपारपर्यंत असतं. तालमीला संध्याकाळचा तासच मिळतो. हे पुरणार नाही.

१५ मार्च

आनंदाची गोष्ट. तांबी सुधारली, आणि एकदम! आज चारीच्या काठावर स्वतःहून थांबली. "दाहिने" म्हटलं की उजवीकडे, "बाएँ" म्हटलं की डावीकडे. फौजेतले शब्द मीच निवडले, म्हणजे लालमहंमदच्या तोंडी बसतील. "थम" म्हटलं की जागच्या जागी. माझी रीत अशी की चुकली तर काही म्हणायचं नाही, बरोबर केलं तर लगेच तुकडा. सव्वीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही.

एकच अडचण. ती लिंबाच्या खालच्या फांदीखालून सरळ जाते. तिला फांदी लागत नाही, माणसाच्या कपाळाला लागेल. वर बघायला कुत्र्याला कसं शिकवावं?

मलिकाच्या दोन्ही गुडघ्यांना खरचटलं आहे. लाकडं आणताना पडले, म्हणते. टिंक्चर लावायला दिलं.

२१ मार्च

तांबी आज लिंबाला वळसा घालून गेली. मी काहीही न शिकवता! जनावराची अक्कल खरंच अगाध.

मलिकाच्या कपाळाला टेंगूळ. बद्रुन्निसा तिच्यावर रागावली, दिवसाउजेडी धडपडते म्हणून. एका घरात किती जण पडणार, असं म्हणाली. लालमहंमद ऐकत होता.

२ एप्रिल

आज लालमहंमद स्वतः गोठ्यात आला, भिंत चाचपत. मला म्हणाला, "अब्बा, पट्टा द्या." पहिल्यांदाच. अंगणात दहा फेऱ्या मारल्या. घामाघूम झाला, पण चेहऱ्यावर असं काही होतं की मी तोंड फिरवलं. त्याला दिसणार नव्हतं, तरी फिरवलं.

मग विचारलं, "किती दिवसात मला कुनाचाबी हात न धरता जाता येईल?"

"दोन महिने धर."

"कुटं कुटं?"

"बाजार, मशीद, पार, नदी. म्हणशील तिथे."

"काझीसाबाच्या घरापत्तर शिकवा," तो म्हणाला.

मला फार बरं वाटलं. दीनाकडे मन वळतं आहे.

१८ एप्रिल

आता तोच मागे लागतो. परसात एकटा जातो. मलिकाने हात पुढे केला की "नको" म्हणतो. ताटातलं चाचपून एकटा जेवतो. कपडे स्वतः घडी करून ठेवतो. मी बद्रुन्निसाला म्हटलं, बघ, कुत्र्यामुळे माणूस उभा राहिला. ती म्हणाली, "सुनेकडं बघा जरा." मी म्हटलं, तिचं ओझं हलकं झालं, तिला तर बरंच वाटत असेल.

त्याने माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. डेहराडूनच्या शाळेतला त्याचा सोबती यशवंता, साताऱ्याकडचा. त्यात तांबीबद्दल दोन पानं. शेवटी लिहायला सांगितलं, "आता मी कोणावर भार राहणार नाही."

३० एप्रिल

ओट्यावर दोघंच बसलो होतो. तो म्हणाला, "अब्बा, मलिका दिसायला कशी हाय?"

मी म्हटलं, चांगली आहे.

"चांगली म्हंजे?"

 गोरी नाही, काळी नाही. उंची बेताची. सासऱ्याने सुनेकडे कधी निरखून बघितलेलं असतं का? रंग आणि उंची, तेवढंच सांगितलं.

"बारा दिस हुतो मी," तो म्हणाला. "त्यातले चार दिस तिनं पदर वर केला न्हाई. बारा दिसात चेहरा पाठ हुत न्हाई, अब्बा. इस्पितळात मी लई आठवायचो. आईचा यायचा, तुमचा यायचा, आपल्या बैलाचा यायचा. तिचा न्हाई."

 मी म्हटलं, उद्या नदीची वाट घेऊ.

२६ मे

तो एकटा गेला! सकाळी निघाला, पार, बाजार, मशीद, आणि परत. मी पन्नास पावलं मागे राहून चालत होतो. वाटेत एक गाडी आडवी आली, तांबी थांबली, गाडी गेली, ती निघाली. पिंपळापाशी मोरीची फरशी हलते, तिथून तिने त्याला डावीकडून नेलं. लोक दुकानांतून उठून बघत होते. कोणी भिकारी म्हणालं नाही.

घरी आल्यावर मलिका दारात उभी होती. तिच्या हातात परातभर पीठ आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, रडतेस कशाला, आज हसायचा दिवस. ती हसली.

या वहीच्या पहिल्या पानांवर लिहिलेलं बहुतेक सगळं पुरं झालं. हुकूम मोडायचं तेवढं राहिलं.

४ जून

काय लिहू.

सकाळी लालमहंमद तांबीला घेऊन काझीसाहेबांकडे गेला. मला वाटलं, नेहमीसारखा गेला. दुपारी काझीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. त्याने दोन साक्षीदारांपुढे मलिकाला तलाक दिला आहे. काझीसाहेबांनी पुष्कळ समजावलं. तो म्हणाला, "मी कुनाचा हात धरून आलेलो न्हाई. माज्या मनानं आलोय." तेव्हा त्यांनी निदान तीनदा न म्हणू देता एकदाच म्हणायला लावलं. म्हणजे तीन महिन्यांची मुदत आहे. तोवर मलिका याच घरात राहील. त्याने शब्द मागे घेतला तर सगळं पूर्ववत. नाहीतर ती मोकळी.

घरी येऊन मी त्याच्या अंगावर हात उगारला. त्याला ते दिसलं नाही. तो तसाच उभा. हात खाली घेतला.

म्हणाला, "तिचं वय एकोनीस हाय, अब्बा. आंधळ्याचा हात धरून परसात न्ह्यायला कुनी जल्माला येत न्हाई. तिचा बाप तिला दुसरीकडं दील. आता मला कुत्री हाय."

आणि मग, "तिचं नाव माज्यापुडं काढायचं न्हाई. शपथ घ्या."

मी घेतली. का घेतली? बेचाळीस साली त्याला भरतीला नेलं तेव्हापासून मी त्याला काहीही नाकारण्याच्या लायक राहिलेलो नाही, एवढंच त्या वेळी मनात होतं.

मलिका आतल्या खोलीत आहे. तिला कोणी काही विचारलेलं नाही. काय विचारणार?

१२ जून

लालमहंमद न्याहारी करून बाहेर पडतो तो दिवेलागणीला परत येतो. पारावर बसतो, नदीकाठी बसतो. घरात तिच्यासोबत राहायचं टाळतो. हे त्याला तांबीमुळे जमतं. नाहीतर दोघं दिवसभर एका छपराखाली राहिली असती, निदान तेवढं तरी.

२२ जुलै

वर घाटात खूप पाऊस झाला असावा. मुळेला लोंढा आला. लालमहंमद नेहमीसारखा नदीकडे निघाला होता. तो सांगतो ते असं: वाट उताराला लागली तशी तांबी थांबली. तो म्हणाला, "चल." हलली नाही. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने मुठीला हिसका दिला. ती त्याच्या गुडघ्यांना आडवी झाली आणि रेटून त्याला मागे फिरवलं. पुढे दहा पावलांवर वाट वाहून गेली होती. कोळ्यांनी वरून पाहिलं.

ती त्याला भर दुपारी घरी घेऊन आली. मलिका अंगणात भांडी घासत होती. उठून आत जायला वेळ मिळाला नाही. तो चिखलाने भरलेला. तिने तांब्या भरून ओट्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "पानी."

सात आठवड्यांत हा पहिला शब्द. तो प्याला. म्हणाला, "तांबीलाबी दे."

मी दारात होतो.  वाटलं, आता बोलेल. त्याने तांब्या पालथा घातला, चाचपत आत गेला. तिने तांबीपुढे पाणी ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसली.

रात्री विचार केला. हुकूम मोडायचा धडा मी शिकवलाच नव्हता. सुचला नव्हता. मग तांबीला कोणी शिकवला? धनगराच्या रक्ताचा गुण, दुसरं काय.

२५ जुलै

मनकर्णाबाईचं शेत आमच्या परसामागे चारीला लागून आहे. आज दवाखान्यात शेळी घेऊन आली होती. काम झाल्यावर घुटमळली.

"खाजाभाई, एक इचारू का? रागवू नगा. तुमच्या सुनंला का म्हून सोडली?"

मी म्हटलं, नशीब.

"असली सून मी बघितली न्हाई वं. तुमी दवाखान्यात गेलं की त्या कुत्रीला घिऊन चारीवर यायची. डोळ्याला वढनी बांदायची घट्ट. आन चालायची. किती येळा पडली! एकदा तर चारीत गेली, मीच वढून काडली. म्या म्हनलं, ये बाय, मरशील. तर म्हनती, मावशी, मी पडले तर ह्ये पडनार न्हाईत. काठावर हुभी ऱ्हाऊन कुत्रीला चल चल म्हनायची आन कुत्री हालली की मागं वढायची. न्हाई हालली की भाकर. सगळा उन्हाळा."

मी शेळीच्या औषधाची बाटली हातात धरून उभा होतो. मला दोन्ही गुडघे आठवले. टेंगूळ आठवलं. घरी येऊन वहीत मागे जाऊन ती पानं वाचली. सव्वीस वर्षांचा अनुभव, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

२७ जुलै

त्याला सांगायला हवं. शपथ आहे. काझीसाहेबांना विचारावं का, की अशी शपथ मोडता येते? त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. ते नमाजाला गेले होते.

३१ जुलै

रमजान सुरू झाला. रोज्यात घरात तंटा नको. ईद झाली की सांगेन.

२१ ऑगस्ट

पेपरात कलकत्त्याच्या हिंदू-मुसलमान दंग्याचं वाचलं.  मनकर्णाबाईने संध्याकाळी भाजी आणून दिली, नेहमीपेक्षा जास्त.

मलिका पहाटे सहेरीला उठून सगळ्यांचं करते. त्याचं ताट लावून बाजूला होते. भाकरी उजवीकडे, कालवण डावीकडे, पाणी वरच्या अंगाला. तो हात बरोबर तिथेच घालतो. 

२९ ऑगस्ट, ईद

शीरखुर्मा तिनेच केला. लालमहंमद तांबीला घेऊन ईदगाहला एकटा गेला. लोकांनी गळाभेट घेतली, वाहवा केली. मला म्हणाले, खाजाभाई, तुम्ही कमाल केलीत. मी मान हलवली.

आज सांगणार होतो. घरी पाहुणे होते.

४ सप्टेंबर

तिसगावहून गनीभाई, मलिकाचे वडील, छकडा घेऊन आले. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ओट्यावर बसून चहा प्याले, रस्त्यातल्या चिखलाबद्दल बोलले.

लालमहंमद आज बाहेर गेला नाही. खाटेवर बसून नवार विणत होता. त्याची बोटं मी पाहत होतो. पट्टी वाकडी होत होती.

मला वाटलं, अजून वेळ आहे, छकडा जुंपेपर्यंत वेळ आहे. बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "बैलांना पाणी दाखवलं का?"

निघताना मलिका माझ्यापुढे आली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डाव्या भुवईत एक तीळ आहे. हनुवटी जरा पुढे. कपाळावर जखमेचा पांढरा व्रण.

म्हणाली, "अब्बा, पट्ट्याला आठ दिसांनी करडीचं तेल लावा. न्हाई लावलं की नमद्याखालचं चामडं वाळतं आन तिच्या छातीला घासतं. आन ती पायरीवर थांबली की ह्यांनी घाई करू नये. ती मोजती."

"बेटी," मी म्हटलं. 

तिला छातीशी धरून बद्रुन्निसा आतून ओरडल्यासारखी रडली. मलिका रडली नाही. छकडा बाजाराच्या वळणाला जाईपर्यंत आतल्या खाटेवर नवारीचा आवाज येत होता. मग थांबला.

१५ सप्टेंबर

शपथ मोडली. जिच्यासाठी मोडायची ती निघून गेल्यावर मोडली.

नदीवरून परत आला तेव्हा त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. ओढणी, चारी, मनकर्णाबाई, कपाळाचा व्रण. तो पट्टा काढत होता. हात थांबले नाहीत.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मार्चापासनं. आई तिच्यावर रागावली तवाच उमगलं. मग पट्टा धरला तर मुठीला तिच्या हाताचा वास, चुलीचा, कांद्याचा. तुमी म्हनायचे मी शिकवली. मी गप ऱ्हायलो."

"मग तरीही?"

"तरीबी न्हाई, अब्बा. म्हूनच." तो तांबीच्या मानेवरून हात फिरवत होता. "एक दिस चारीकडनं आली, वल्ली. मी इचारलं काय झालं, तर म्हनली पावसानं. उन्हाळ्यात कसला पाऊस? त्या दिशी ठरवलं. ती जल्मभर डोळं बांदून चालली असती. एका घरात एक आंधळा बास."

मी म्हटलं, "तिला विचारलंस का कधी?"

तो म्हणाला, "तुमी इचारलं का मला, भरतीला नेताना?"

रागाने नाही म्हणाला. नुसतं म्हणाला. मग उठून तांबीला पाणी ठेवायला गेला.

९ ऑक्टोबर

लालमहंमद रोज बाहेर जातो, रोज परत येतो. कुठे ठेच नाही, कुठे अडखळणं नाही. तालुक्याच्या कचेरीपर्यंत जातो. बाजारातून मीठ आणतो. शाळेच्या मास्तरांनी मुलांना बोलावून त्याला दाखवलं. घरी आला की खाटेवर बसतो. पूर्वीसारखाच.

नवार विणून विणून ढीग झाला आहे. घरात तेवढ्या खाटा नाहीत.

३ नोव्हेंबर

साताऱ्याकडून पत्र आलं. यशवंताच्या वडिलांचं आहे. उन्हाळ्यात आम्ही पाठवलेलं पत्र त्यांनी कोणाकडून तरी चार-पाच वेळा वाचून घेतलं, असं लिहितात. मुलगा घरातून बाहेर पडत नाही. कोणती कुत्री घ्यावी, पट्टा कसा शिवावा, काय आधी शिकवावं, सगळं खुलासेवार कळवा, आपले उपकार जन्मभर विसरणार नाही.

चार पानं लिहिली. चामड्याचं माप, कडीची लांबी, तुकडा केव्हा द्यायचा, वळणं कशी. हुकूम मोडायच्या धड्यापाशी आलो आणि लेखणी थांबली. तो कसा शिकवायचा ते मला अजूनही माहीत नाही. जिला माहीत आहे ती तिसगावला आहे. ऐकलं की गनीभाईंनी तिच्यासाठी शेवगावचं एक स्थळ पाहिलं आहे.

पानं फाडली. पोस्टकार्ड घेतलं. ते उद्या टाकेन. असं लिहिलं आहे:

"रा. रा. यशवंताचे वडील यांसी सलाम. आपले पत्र पोहोचले. कुत्री शिकते, यात शंका नाही. माझा मुलगा हल्ली कोणाच्याही मदतीवाचून सर्वत्र जातो. तथापि सविस्तर लिहिण्यापूर्वी एका गोष्टीचा खुलासा व्हावा. चिरंजीवांचे लग्न झालेले आहे काय? झाले असल्यास, कुत्री आणण्यापूर्वी सूनबाईंना समोर बसवून विचारावे, आणि त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत मला कळवावे. खाजाभाई शेख, कंपाउंडर, राहुरी."